डे-केअरच्या खुर्च्या आणि सिस्टरची बदली

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली की तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं निघतील, म्हणजे खुर्चीत बसून केमो (कर्करोगाची औषधं) घ्यायची आणि त्याच दिवशी घरी जायचं अशी सोय; त्यांतली २०० पहिल्याच वर्षात. तेव्हापासून आपल्याकडे, गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत, एक वाद रंगला आहे. एक पक्ष म्हणतो, केंद्र आधी आमच्या जिल्ह्याला मिळालं पाहिजे; मग जागा कोणती, खाटा किती, मशीन कुठलं, भूमिपूजन कुणाच्या हातून. दुसऱ्या पक्षात मोठ्या शहरांतले डॉक्टर जास्त. ते म्हणतात, कर्करोग हा जिल्ह्या-तालुक्याला हाताळायचा आजार नाही, सलाइन लावता येतं म्हणून केमो देता येत नाही, पेशंटला सरळ नागपूरला पाठवा. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, आणि दोघांच्याही बोलण्यात दोन गोष्टी येत नाहीत. एक म्हणजे लहान मुलं. दुसरी म्हणजे त्या खुर्चीत बसलेल्या लेकराला सुई लावणारी, त्याचा ताप मोजणारी आणि रात्री अकराला त्याच्या आईचा फोन उचलणारी बाई.

माझं म्हणणं असं आहे. ग्रामीण विदर्भातल्या मुलांचा कर्करोग बरा व्हायचा असेल, तर पहिला खर्च प्रशिक्षणावर झाला पाहिजे, ते प्रशिक्षण परिचारिकेपासून सुरू झालं पाहिजे, आणि शिकून आलेल्या परिचारिकेची बदली थांबली पाहिजे. तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी, आशा, औषधनिर्माता हे सगळे शिकले पाहिजेत, पण प्रत्येकाने वेगळं आणि आपल्या कामापुरतं. यात नागपूरच्या तज्ज्ञांचं काम कमी होत नाही. उलट त्यांनी केलेलं काम वाया जाऊ नये म्हणून हे हवं. (नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझी नोकरी गेली, तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे. वाचकाने तेवढं वजा करून वाचावं.)

आधी एक गैरसमज. कर्करोग म्हटलं की गावात सगळं संपल्याचीच भाषा सुरू होते, आणि सुशिक्षित घरांतही फार वेगळं नसतं. मुलांच्या बाबतीत ही भाषा निदान पन्नास वर्षं जुनी झाली आहे. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतल्या १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. ती मुलं पुढे दगावली, पण दार किलकिलं झालं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांमधल्या सगळ्यात नेहमीच्या रक्ताच्या कर्करोगातून शंभरांत चार-पाच मुलं वाचत. आज संपन्न देशांत नव्वदच्या आसपास वाचतात. सगळे बालकर्करोग एकत्र धरले तर तिथे शंभरांतली ८० हून अधिक मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० सुद्धा होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत.

आता ८० आणि ३० मधला फरक कशाचा? व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, सिक्स-एमपी ही मुख्य औषधं जुनी आहेत, पेटंट केव्हाच संपलेली, आणि आपल्याच देशात बनतात. उपचाराची वेळापत्रकं कुणी तिजोरीत ठेवलेली नाहीत. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून केमोचा बराचसा खर्चही निघतो. २०१२ मध्ये वेगळ्या नावाने ती सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. मग मुलं जातात कुठे? काहींचं निदानच होत नाही. काहींचं इतकं उशिरा होतं की मेंदूपर्यंत, डोळ्याबाहेर, फुफ्फुसापर्यंत पसरलेलं असतं. काही मध्येच उपचार सोडतात. आणि काही आजाराने जातच नाहीत. औषधाने पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना झालेल्या जंतुसंसर्गाने जातात. या चारही ठिकाणी कुठलं मशीन कमी पडलं? चारही ठिकाणी माणूस कमी पडला, किंवा माणूस होता पण त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

निदानापासूनच बघू. मोठ्यांसाठी तोंडाची, स्तनाची, गर्भाशयमुखाची तपासणी असते, त्यासाठी गाड्या फिरतात, शिबिरं होतात. मुलांच्या कर्करोगासाठी अशी सरसकट तपासणी नाही, शास्त्रातच नाही. मूल आजारी पडल्यावर जो पहिला माणूस त्याला बघतो, त्याच्या मनात शंका आली तर आली. आणि आपल्या भागात ती येऊ नये अशीच सगळी परिस्थिती आहे. मूल पांढरंफटक पडलंय? लोहाच्या गोळ्या. ताप हटत नाही आणि प्लीहा वाढलीय? एटापल्ली-भामरागडकडे हा मलेरियाच असणार. हातपाय दुखतात म्हणून मूल रात्रभर रडतं? पूर्व विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) घरोघरी ऐकलेला, तेव्हा सिकलचं दुखणं. मानेला गाठी आल्या? गाठीतून सुईने नमुना न घेताच टीबीच्या गोळ्या सुरू. यातला प्रत्येक अंदाज दहांतल्या नऊ मुलांच्या बाबतीत बरोबर निघतो, म्हणूनच दहावं मूल निसटतं. त्याहून वाईट म्हणजे तालुक्याच्या गावात सर्रास मिळणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन. रक्ताचा कर्करोग स्टेरॉइडने तात्पुरता दबतो. ताप उतरतो, मूल खेळायला लागतं, गावात डॉक्टरचं नाव होतं. आणि दीड महिन्याने तेच मूल नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पोचतं तेव्हा निदान अवघड झालेलं असतं आणि आजार औषधाला दाद देईनासा व्हायची भीती असते. ‘ताप उतरूनच नाही राहिला’ हे आईचं वाक्य तिसऱ्यांदा ऐकल्यावर एक साधी रक्ततपासणी करायची आणि तोवर स्टेरॉइडला हात लावायचा नाही, एवढं शिकायला किती वेळ लागतो?

इथे विरोधकांचा पहिला मुद्दा येतो आणि तो खरा आहे. बालकर्करोग दुर्मीळ आहे. जगभरच्या नोंदींचा ढोबळ हिशेब धरला तर दहा लाख मुलांमागे वर्षाला शंभर ते दीडशे नवे रुग्ण. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण २० हजार लोक, त्यांत सहा हजार मुलं. म्हणजे एका केंद्राच्या हद्दीत एक-दीड वर्षात एखादं मूल, आणि तेवढ्यात तिथला बंधपत्रित डॉक्टर बदलूनही गेलेला असतो. कुपोषण आहे, सर्पदंश आहे, न्यूमोनिया आहे, बाळंतपणं आहेत. अशा ठिकाणी या एका मुलासाठी डॉक्टरला दिवसभर बसवून ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, प्रकार शिकवणं हा वेळेचा अपव्यय नाही का? आहेच. म्हणून ल्युकेमियाचे प्रकार शिकवायचे नाहीत. शिकवायचं ते इतकंच की ठरल्या मुदतीत बरं न झालेलं मूल तिसऱ्यांदा त्याच गोळ्या घेऊन घरी जाणार नाही. हा नियम कर्करोगाला लागू होतो तसा टीबीला, सिकललाही होतो. आणि काही खुणा अशा आहेत की त्या ओळखायला डॉक्टर लागतच नाही: डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, जी हल्ली मोबाइलच्या फोटोत घरच्यांनाच आधी दिसते, आंघोळ घालताना आईच्या हाताला लागलेली पोटातली गाठ, सकाळच्या उलट्या आणि झोकांड्या खात चालणं. होंडुरासमध्ये २००३ पासून लसीकरण मोहिमेला जोडून डोळ्यातल्या या पांढऱ्या चमकेची माहिती देण्यात आली. त्याआधी रेटिनोब्लास्टोमाच्या (डोळ्याच्या कर्करोगाच्या) ७३ टक्के मुलांचा आजार डोळ्याबाहेर पसरल्यावरच कळत असे; नंतर हे प्रमाण ३५ टक्क्यांवर आलं. लसीकरणाचं सत्र आपल्याकडे नाही का? दर महिन्याला अंगणवाडीत भरतंच की.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो महाराष्ट्रातच, पालघरला. त्याच्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीतलं मूल वर्षातून दोनदा आणि शाळेतलं एकदा तपासायचं, अशी त्याची रचना. मुलांच्या इतक्या जवळ जाणारी दुसरी यंत्रणा या देशात नाही. पण शोधायच्या तीस आजारांची जी मूळ यादी केली, तिच्यात बालकर्करोग नव्हता. यादीत नाही ते शोधलं जात नाही, हा सरकारी कामाचा स्वभाव आहे. आपल्या पथकांतले डॉक्टर यादीबाहेर जाऊन मुलं शोधतात, त्यांना नागपूरपर्यंत पोचवतात, फाइल घेऊन फिरतात. पण ते त्यांच्या चांगुलपणाने होतं, प्रशिक्षणाने नाही.

निदान लवकर झालं म्हणजे काम झालं, असंही नाही. होंडुरासमध्येच आजार लवकर ओळखला गेला, तरी पुष्कळ घरांनी उपचार नाकारले किंवा मध्येच सोडले. खरी कसोटी घरी परतल्यावर आहे. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार अडीच वर्षांच्या आसपास चालतात. पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यात आजार दिसेनासा होतो. मूल हसायला लागतं, भूक लागते, अंगावर मांस धरतं. बापाला वाटतं झालं बरं. तेवढ्यात इकडे कापसाची वेचणी आलेली असते, किंवा धानाची कापणी. मे महिना असेल तर तेंदूपत्ता, ज्यावर गडचिरोलीतल्या कित्येक घरांचा वर्षाचा रोख पैसा अवलंबून. घरी दुसरी दोन पोरं शेजाऱ्यांकडे ठेवलेली. अशा वेळी पुढच्या तारखेला नागपूरला न जाणारा बाप अडाणी आहे की हिशेबी? त्याच्या हिशेबात एक आकडा चुकलेला असतो: दिसेनासा झालेला आजार परत येतो, आणि परत आलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. हा आकडा त्याला सांगायचा कुणी? डिस्चार्जच्या घाईत इंग्रजी कार्डावर लिहिलेली तारीख हे काम करत नाही. माडिया, कोरकू किंवा आपली झाडी बोलणारी, त्याच तालुक्यातली, त्याला नावाने ओळखणारी सिस्टर करू शकते.

आणि मग ती तापाची रात्र. केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला की त्याच्या अंगात जंतूंशी लढायला फौजच नसते. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे, असं जगभर मानतात. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर, तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. धारणीहून अमरावती घाट उतरून दीडशेच्या घरात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. ‘नागपूरला पाठवा’ म्हणणाऱ्यांनी ही अंतरं एकदा रात्री मोजावीत. ग्रामीण रुग्णालयात अँटिबायोटिक आहे, सलाइन आहे, रक्त तपासायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि रात्रपाळीला एक सिस्टर आहे. नाही ते फक्त एवढंच: हे मूल साध्या तापाचं नाही, याला रांगेत बसवायचं नाही, सकाळी डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही, क्रोसिन देऊन घरी पाठवायचं नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आणि शिकवलं असलं तरी पहिला डोस स्वतः सुरू करायची लेखी परवानगी तिच्याकडे नाही. दुसरी अडचण पहिलीहून मोठी आहे. परवानगी नसलेलं ज्ञान सरकारी नोकरीत धोक्याचं असतं, हे प्रत्येक सिस्टरला पहिल्या वर्षात कळतं.

विरोधकांचा दुसरा मुद्दा अर्धवट ज्ञानाचा आहे, आणि तोही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केमोची औषधं विषारी आहेत. व्हिन्क्रिस्टीन शिरेत दिलं तर औषध, मणक्यात गेलं तर मृत्यू. जगातल्या नामांकित रुग्णालयांतही ही चूक झालेली आहे. आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट कुणी रोज दिलं तर मूल दगावू शकतं. असली औषधं तालुक्याला, घाईगर्दीत, तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाती द्यायची? मुळीच नाही. मणक्यातली औषधं, पहिल्या महिन्याचे उपचार, शस्त्रक्रिया, रेडिएशन हे सगळं मोठ्या केंद्रातच झालं पाहिजे, आणि डे-केअरची घाई झालेल्या पुढाऱ्यांनी हे ऐकून घेतलं पाहिजे. पण या मुद्द्यातून ‘म्हणून काहीच शिकवू नका’ हा निष्कर्ष निघतो कसा? चूक टाळायची तर ज्याच्या हातून होऊ शकते त्यालाच शिकवावं लागतं. रोजची सिक्स-एमपी आणि आठवड्याचं मेथोट्रेक्सेट मूल आजही घरीच घेतं. गोळ्या मोजणारी असते अंगठा उठवणारी आजी. तिच्या शेजारी कॅलेंडर घेऊन बसणारी आशा असावी की नसावी, एवढाच प्रश्न आहे.

आणि हा युक्तिवाद आपण विदर्भात पूर्वी ऐकलेला आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्या कमी शिकलेल्या बायांना, म्हणजे त्यांच्या आरोग्यदूतींना, घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा हेच प्रश्न आले होते. गावातली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार? उत्तर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं: ३९ गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. घरोघरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम आशांमार्फत देशभर गेला २०११ मध्ये, तोही इंजेक्शन वगळून; आणि ठरावीक परिस्थितीत एएनएमने (उपकेंद्रावरच्या परिचारिकेने) जेंटामायसिन द्यावं अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना निघाली २०१४ मध्ये. पुरावा छापून येण्यात आणि एका प्रशिक्षित सिस्टरला परवानगी मिळण्यात पंधरा वर्षं गेली. हे उदाहरण ताणायचं नाही. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग वेगळा, ल्युकेमिया वेगळा, आणि आरोग्यदूतीने केमो द्यावी असं कुणीही शहाणं माणूस म्हणणार नाही. पण तापाच्या रात्रीचा पहिला डोस हा जवळजवळ तोच प्रश्न आहे: खूण ठरलेली, औषध ठरलेलं, वेळ तोकडा, डॉक्टर लांब.

त्याहून जुनं उदाहरण वर्ध्याचं. कुष्ठरोग हा डॉक्टरांनीच, वसाहतीतच हाताळायचा आजार असं मानलं जात होतं, त्या काळात, १९५१ मध्ये, वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. डॉ. वारदेकरांनी तिथे शोध, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. तिचा कणा होता तो डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांचा. घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे बघणाऱ्या, तिथली बधिरता तपासणाऱ्या माणसांचा. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. यातून घेण्यासारखं आहे तसं सावध होण्यासारखंही. एकाच रोगाचा वेगळा कार्यकर्ता तयार केला की रोग ओसरल्यावर तो अधांतरी राहतो. म्हणून ‘कर्करोग सेविका’ वगैरे नवं पद काढायची कल्पना मला पटत नाही. आहेत त्यांनाच शिकवा.

तिसरा मुद्दा सगळ्यांत भारी: जिथे रुग्ण जास्त, तिथे निकाल चांगले, म्हणून उपचार मोजक्या केंद्रांत एकवटावेत. मान्य. मुंबईचं टाटा काय, नागपूरची कर्करोग रुग्णालयं काय, तिथला अनुभव जिल्ह्याला येणार नाही. पण मग इंग्लंड काय करतं ते बघा. देश लहान, रस्ते चांगले, मुलांच्या कर्करोगाची मुख्य केंद्रं मोजकी. आणि तरीही मुलाच्या घराजवळच्या जिल्हा रुग्णालयांत त्यांनी सहभागी उपचाराची युनिटं बांधली. निदान आणि आराखडा मुख्य केंद्राचा. ताप, रक्त चढवणं, काही ठरावीक केमो घराजवळ. ज्यांना एकवटणं सर्वांत सोपं, त्यांनीच ते पूर्ण केलं नाही. ब्राझीलच्या गरीब ईशान्येतल्या रेसिफे शहराचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. ऐंशीच्या दशकात तिथे या रक्ताच्या कर्करोगाची ३२ टक्के मुलं आजार न उलटता वाचत. १९९७ नंतरच्या पाच वर्षांत ती ६३ टक्के झाली. मधल्या काळात उपचारही सुधारले, हे खरं. पण मुलांसाठी वेगळं युनिट झालं, परिचारिका तयार झाल्या, घरच्यांच्या राहण्या-जाण्याची सोय झाली, आणि मध्येच उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं. या शेवटच्या आकड्याचं श्रेय कुठल्या औषधाला देणार?

आता आपल्याकडची प्रशिक्षणं. जिल्हा परिषदेच्या सभागृहात अकराला सुरू होणारं, बाराला उद्घाटन होणारं, जेवणानंतर पडद्यावर इंग्रजी चित्रफिती पळणारं आणि चारला प्रमाणपत्र वाटून संपणारं ते प्रशिक्षण सगळ्यांनी केलेलं असतं. त्यातून काय उरतं? भत्त्याची नोंद. आपल्याकडे शिकवणारे नाहीत असं नाही. भारतीय बालरोग अकादमीने बालरोगतज्ज्ञांसाठी बालकर्करोगाच्या प्रात्यक्षिक कार्यशाळा पूर्वीच घेतल्या आहेत. पण हात शिकतो तो वॉर्डात. सहा आठवडे नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणी मुलांच्या वॉर्डात, अनुभवी सिस्टरच्या बरोबरीने पाळी करायची: शीर कशी राखायची, औषध शिरेबाहेर झिरपलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं, तोंड आलेल्या मुलाला काय भरवायचं, केमोचा कचरा कुठे जातो, हातमोजे कुठले, बापाला खरं कसं सांगायचं. दुखण्यावर मॉर्फिन देता येतं आणि मूल त्याने व्यसनी होत नाही, हेही. कारण काही मुलं बरी होणार नाहीत, ती शेवटी गावीच येतील, आणि तेव्हा त्यांच्याजवळ हीच सिस्टर असेल. पोषणाचं तर वेगळं सांगायलाच नको. मेळघाटातलं आधीच वजन कमी असलेलं मूल तीच केमो शहरातल्या मुलासारखी सोसत नाही. अंगणवाडीताईला आणि वॉर्डातल्या सिस्टरला एकमेकींचा फोन नंबर माहीत असणं हाही उपचाराचा भाग आहे.

आणि एवढं शिकून ती परत आली की काय होतं? तीन-सहा महिन्यांनी ड्युटी बदलते. मुलांच्या वॉर्डातून प्रसूती, तिथून अपघात विभाग. सरकारी रुग्णालयात फिरती हा न्याय मानला जातो, कारण जड वॉर्ड एकीच्याच माथी नको. न्याय आहेच तो. पण हाच नियम आपण हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला लावतो का? त्याला सहा महिने त्वचारोगाला पाठवतो का? आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटनेच्या परिचर्येच्या किमान अटी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या, अन् त्या खास गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठीच. त्यांत एका परिचारिकेमागे पाच मुलं, रुजू होताना रीतसर प्रशिक्षण, आणि शिकलेल्या परिचारिकेची दुसऱ्या विभागात फिरती नको, हे स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे रात्री एकाच परिचारिकेकडे अख्खा वॉर्ड असतो. पाचाचं प्रमाण उद्या येणार नाही, त्याला पदं भरावी लागतील. फिरती थांबवायला मात्र पैसा लागत नाही. एक शासननिर्णय लागतो, आणि जड वॉर्डात राहणाऱ्यांसाठी थोडा भत्ता, जो डे-केअरच्या एका एसीच्या बिलात भागेल.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दरवर्षी विदर्भाच्या नावाने रुग्णालयं मागितली जातात. यंदा कुणी आमदाराने इमारतीऐवजी चार कागद मागावेत: बाल स्वास्थ्य पथकाच्या यादीत बालकर्करोगाच्या पाच-सहा खुणा, ग्रामीण रुग्णालयातल्या प्रशिक्षित परिचारिकेला तापाच्या पहिल्या डोसची लेखी परवानगी, बालकर्करोग शिकलेल्या परिचारिकांना निदान पाच वर्षं फिरतीतून सूट, आणि कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनाही याच प्रशिक्षणात जागा, कारण गावात रोज भेटतात ते तेच. विरोध होईल. परिचारिकांच्या संघटनाही कदाचित करतील, आणि त्यांचं ऐकून घ्यावं लागेल, कारण एक प्रश्न त्या विचारतील त्याचं उत्तर माझ्याकडेही पुरतं नाही: अहेरीची सिस्टर सहा आठवडे नागपूरला शिकायला गेली, तर तेवढ्या दिवसांच्या तिच्या रात्रपाळ्या कोण करणार? बदली माणूस मंजूर केल्याशिवाय प्रशिक्षणाचा आदेश काढला, तर तो भार शेजारच्या सिस्टरवर पडेल आणि ती दुसऱ्या दिवशी या सगळ्याच्या विरोधात उभी राहील. तेव्हा पाचवा कागद त्या सहा आठवड्यांच्या बदली पदाचा हवा, आणि तो बाकीच्या चारांच्या आधी निघायला हवा.